मदत हवी आहे: वाईन ओपनर भेट द्यायचा आहे, भारीतला घ्यावा की साधा?

माझे दाजी पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. वाईन ही त्यांची मनापासूनची आवड, म्हणून आम्ही तिघा भावंडांनी त्यांना चांगला ओपनर द्यायचं ठरवलं. इथपर्यंत एकमत आहे, पुढे गाडी अडली आहे.

दादाला लाकडी पेटीत मखमलीवर मांडलेला लिव्हरचा सेट हवा आहे, म्हणजे मोठा दांडा दाबून बूच उपसणारा ओपनर. सोबत फॉइल कापायची कडी, जादाचा स्क्रू, ओतायची तोटी, सगळं. त्याचं म्हणणं, माणूस इतक्या वर्षांची नोकरी करून बाहेर पडतोय, भेट भरघोस दिसली पाहिजे. मला वाटतं, वेटर खिशात बाळगतात तो घडीचा साधा ओपनर द्यावा, पण उत्तम प्रतीचा. धाकटा म्हणतो, तुम्ही ठरवा, मी पैसे देतो.

माझ्या आग्रहामागे एक अनुभव आहे. आम्हालाही एकदा असाच देखणा ओपनर भेट मिळाला होता. सोनेरी मुलामा, दोन्ही बाजूंना पंखांसारखे दांडे, हातात घेतला की वजन जाणवायचं. पहिल्याच बाटलीला त्याने घात केला. त्याचा स्क्रू म्हणजे मधे भरीव दांडी आणि तिच्याभोवती आटे, लाकडाला भोक पाडायच्या गिरमिटासारखा. तो बुचात शिरला, पंख वर आले, मी ते खाली दाबले आणि स्क्रू एकटाच बाहेर आला. आट्यांमध्ये बुचाचा भुगा आणि बुचाच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. शेवटी उरलेलं बूच आत ढकलून वाईन गाळून घेतली. ज्या मैत्रिणीने तो दिला तिने किती हौसेने निवडला असेल हे मला माहीत आहे, म्हणून टाकवत नाही. आठ वर्षं कपाटात आहे. आमची भेट दाजींच्या कपाटात अशी पडून राहिलेली मला बघवणार नाही.

तर साधा पण चांगला ओपनर ओळखायचा कसा? महागड्या ओपनरमध्ये पैसे नेमके कशाचे पडतात? आणि अशा प्रसंगी खिशात मावणारी वस्तू दिली तर हात आखडता घेतल्यासारखं दिसेल का?

प्रतिसाद

आधी स्क्रू बघा, मूठ नंतर. चांगला स्क्रू म्हणजे पोकळ मळसूत्र. त्याच्या मधून काडेपेटीची काडी सरळ वर सरकली पाहिजे. तार बारीक, टोक अणकुचीदार, साधारण पाच वेढे. तुमच्या भरीव स्क्रूने बूच कोरून काढलं. मळसूत्र वाट काढत आत शिरतं आणि बुचाला धरून ठेवतं.

साधारण २४ मिमी जाडीचं बूच १८.५ मिमीच्या गळ्यात दाबून बसवलेलं असतं, म्हणून ते इतकं घट्ट. ते उपसायला तरफ लागते. वेटरवाल्या ओपनरची युक्ती जर्मनीतल्या रोस्टॉकच्या कार्ल विंके यांनी १८८२ मध्ये पेटंट केली आणि मूळ रचना अजून तीच आहे. फक्त दोन टप्प्यांची तरफ असलेलाच घ्या: पहिल्या खाचेने बूच अर्धं वर येतं, दुसरीने उरलेलं. एकाच टप्प्यात लांब बूच तिरकं ओढलं जातं आणि मोडतं.

घडीच्या ओपनरमध्ये जास्तीचे पैसे बहुतेक मुठीचे: शिंग, ऑलिव्हचं लाकूड, हातकाम. ते काम सुंदर असतं, त्याची किंमत मी नाकारत नाही. पण नुसतं 'लायोल' नाव वाचून भुलू नका. ते फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे, एका कारखान्याचं नव्हे, आणि त्याची मधमाशीची खूण स्वस्त मालावरही असते.

प्रतिसाद

हात आखडता घेतल्यासारखं दिसण्याची काळजी सोडा. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांचा २००९ मधला अभ्यास नेमका यावरच आहे. भेट जितकी महाग तितकी ती जास्त आवडेल, असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही.

मला विचारायचंय ते वेगळंच. दाजींचे हात कसे आहेत? माझ्या आईच्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. घडीचा ओपनर दिसायला साधा, पण मनगट पिळावं लागतं आणि दुसऱ्या हाताने तरफ गळ्याशी आवळून धरावी लागते. तिला ते जमत नाही. अशा माणसाला लिव्हर म्हणजे चैन नव्हे.

मधला मार्गही आहे. टेक्सासमधले तेलक्षेत्रातले अभियंते हर्बर्ट अ‍ॅलन यांनी १९७९ मध्ये स्क्रूपुल आणला. चौकट गळ्यावर बसवायची आणि मूठ एकाच दिशेने फिरवत राहायची. बूच आपणहून स्क्रूवर चढत बाहेर येतं. ओढायचं काहीच नाही. त्या पद्धतीचे ओपनर आता बरेच मिळतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हातांचा प्रश्न वाचून काल ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, वर्षभर ते बाटली मांड्यांत धरूनच उघडतात. उजवा अंगठा दुखतो, पण कुणाला सांगायचं नाही म्हणतात."

मी हे स्वतः पाहिलं होतं, दोनदा तरी. मला ती त्यांची लकब वाटली होती.

दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, पेटी राहू दे. आता एकाच दिशेने फिरवायचा ओपनर घेतोय आणि उरलेल्या पैशांत दाजींच्या आवडीच्या बाटल्या. फक्त एवढं सांगा: बूच बाहेर आल्यावर ते स्क्रूवरून सोडवायला चिमटीत धरून उलटं फिरवावं लागतं ना? ते दुखऱ्या अंगठ्याला जड जाईल का, आणि आडव्या दांडीची मूठ घ्यावी की गोल?