मदत हवी आहे: तिसरा बेल्ट घातला तरी इंजिनातली चिवचिव जात नाही

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. आता गाडीत बसायचीच लाज वाटायला लागलीय, म्हणून हा धागा काढतेय.

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. मी चिपळूणला राहते, आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाटाने कराडला जाणं-येणं असतं. सकाळी सेल्फ मारला की बोनेटच्या उजव्या अंगाने चिक-चिक-चिक सुरू. किंचाळल्यासारखा लांबलचक आवाज नाही, सुटासुटा, चिमणीच्या पिल्लासारखा. स्लोला सगळ्यात जास्त, थोडी रेस दिली की लय वाढते, दीड हजार आरपीएमच्या पुढे ऐकू येत नाही. गाडी बंद करताना अगदी शेवटी एक 'च्युक्' येतो. पावसाळ्यात जास्त, पण उन्हाळ्यातही पूर्ण गेला नव्हता.

आतापर्यंत तीन फॅन बेल्ट (इंजिनाच्या बाहेरचा, एसी वगैरे फिरवणारा पट्टा) झाले. पहिला घातल्यावर पंधरा दिवस शांतता. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याने "तो लोकल होता" म्हणून भारीतला घातला, तो तीन आठवडे गप्प राहिला. मध्ये एकाने बेल्टवर कसलासा स्प्रे मारला, दोन दिवसांनी आवाज दुप्पट. शेवटी तिसरा बेल्ट आणि सोबत आयडलरही (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) नवीन. काल परत चिवचिव. आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, "मॅडम, साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावतो." साहेबांना वायपरचं पाणी कुठे भरतात तेही माहीत नाही.

नक्की काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, ते सांगाल का? पाने-स्क्रूड्रायव्हर धरता येतात.

उगाच_उवाच

टेप मोठा लावा. माझ्या गाडीतले सगळे आवाज असेच गेले.

सहाचा_पाना

ताई, वर्णन छान केलंत, निम्मं काम तिथेच झालं. चिवचिव आणि किंचाळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. बेल्ट सैल पडून घसरतो तेव्हा लांब किंचाळतो, विशेषतः हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर असं सगळं एकदम लावलं की. सुटी चिवचिव बहुतेक वेळा बेल्ट पुलीवर तिरका चढत असल्याची. बेल्टवर ६पीके लिहिलेलं असेल. म्हणजे सहा धारा, दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. या धारा पुलीच्या खाचांत सरळ बसायला हव्यात. पुली किंचित कललेली असली तरी प्रत्येक धार खाचेत शिरताना घासते आणि चिकचिकते.

आधी पाण्याची परीक्षा करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, इंजिन स्लोला. कपड्यांना इस्त्री करताना मारतो त्या स्प्रेच्या बाटलीने लांबूनच बेल्टच्या धारांच्या बाजूवर साधं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. थोडा वेळ गप्प होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. ओढणी खोचून, केस बांधून करा. रेडिएटरचा पंखा विजेवरचा असतो, इंजिन बंद असलं तरी अचानक फिरू शकतो. हात आत नको.

तो स्प्रे परत कोणाला मारू देऊ नका. चिकट थरावर धूळ बसते आणि नवा बेल्ट महिन्यात जुना होतो.

वाशिष्ठीकाठ

केलं! पाणी उडवल्याबरोबर गप्प. मनात मोजत होते, वीसपर्यंत आले आणि परत सुरू. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. हेडलाइट-एसी लावून काही फरक नाही.

कऱ्हाडकर_आप्पा

म्हणजे ताण नाही, तिरकेपणा. बेल्ट बिचारा ओरडतोय, त्याला मारणारा दुसराच आहे.

आता बेल्ट उतरवून बघावं लागेल. त्याआधी तुमच्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर आहे की आतल्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या टायमिंग बेल्टवर, हे विचारून घ्या. याच बेल्टवर असेल तर बेल्टशिवाय वीस सेकंदांच्या वर इंजिन चालवायचं नाही. बॅटरीचा दिवा लागेल, घाबरू नका, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरत नाही म्हणून लागतो. आवाज गेला तर तो बेल्टवरच्याच कुठल्यातरी भागाचा. राहिला तर टायमिंगच्या बाजूचा, आणि मग गाडी न फिरवता थेट गॅरेज. टायमिंग बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

बेल्ट काढलेला असताना एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग जरासं जड, मुकाट फिरतं. ग्रीस गेलेलं खरखरतं, किंवा फार वेळ गरगरत राहतं. मग टेन्शनरचा (बेल्टला ताण देणाऱ्या भागाचा) दांडा धरून आत-बाहेर हलवून बघा. क्रँक पुलीवर (इंजिन स्वतः फिरवतं आणि बेल्टला चालवते ती पुली) मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढा. या पुलीत मध्ये रबर असतं. दोन दिवस गाडी चालवल्यावर रेघ तुटून दोन्ही तुकडे पुढेमागे झाले असतील तर रबर सुटलं, पुली गेली.

वाशिष्ठीकाठ

रविवार यात गेला. शेजारचे मेस्त्री आले होते, त्यांनी बेल्ट काढून दिला, बाकी मी. वॉटर पंप टायमिंगवर आहे. बेल्ट काढून चालवली तर इंजिन डिझेलचं आहे तेवढंच वाजलं, चिवचिव शून्य. आयडलर मुकाट फिरतो, नवाच आहे. एसीच्या कॉम्प्रेसरची पुली ठीक. टेन्शनरची पुली ठीक, पण त्याचा दांडा मुळातच डुलतो, बोटाने दाबला तर कललेला दिसतो. व्हाइटनरची रेघ आज बघितली, अखंड आहे.

म्हणजे टेन्शनर बदलू? तीन हजारांच्या आत येईल असं मेस्त्री म्हणाले.

सहाचा_पाना

थांबा ताई. टेन्शनर बदलावा लागेलच, पण तो का गेला? ते न शोधता घातलात तर वर्षभरात नवीनही डुलायला लागेल. बेल्ट परत चढवा, गाडी स्लोला ठेवून टेन्शनरच्या दांड्याचा व्हिडिओ काढा. तो जवळजवळ स्थिर दिसायला हवा.

आणि एक विचारतो. मधल्या काळात अल्टरनेटरचं काही काम झालं होतं का? तुम्ही चिपळूणच्या, म्हणून विचारतोय.

वाशिष्ठीकाठ

अंगावर काटा आला हो. २०२१ च्या जुलैच्या पुरात गाडी खालीच उभी होती. पाणी सीटपर्यंत आलं होतं. वायरिंग, सीट, सेल्फ असं बरंच काही केलं. अल्टरनेटर एका इलेक्ट्रिशियनकडून वायंडिंग करून, "नवीन पुली टाकून" घेतला होता. तेव्हा सगळ्या गावाच्या गाड्या रांगेत होत्या, जो करून देईल तो देव.

व्हिडिओत दांडा चक्क थरथरतोय, शिलाई मशीनच्या सुईसारखा.

सहाचा_पाना

मला तीच शंका होती. अल्टरनेटरच्या पुलीचा समोरून फोटो टाका. मध्ये प्लास्टिकची टोपी आहे की उघडा नट?

वाशिष्ठीकाठ

उघडा नट. टोपी नाही.

सहाचा_पाना

तर मग ती साधी, घट्ट पुली आहे. तुमच्या इंजिनाला मुळात क्लच पुली असणार, खात्रीसाठी चासी नंबर देऊन पार्टवाल्याला विचारा.

क्लच पुली म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं ना, तसं. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला असताना मिनिटाला १६०० स्फोट होतात, सेकंदाला साधारण २७. प्रत्येक स्फोटाला क्रँक पुढे हिसका देतो, मध्ये मंदावतो. डिझेलला हे हिसके पेट्रोलपेक्षा जोरकस. अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) जड, पुली लहान म्हणून क्रँकच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरणारा. त्याला असं क्षणाक्षणाला मंदावता येत नाही. फ्रीव्हील असलं की तो आपल्या वेगाने फिरत राहतो. घट्ट पुली असली की प्रत्येक हिसक्याला तो बेल्टला ओढतो आणि ती सगळी ओढाताण टेन्शनर सोसतो. त्याचं बुश (दांडा ज्यात फिरतो ते अस्तर) झिजलं, दांडा कलला, बेल्ट तिरका चढू लागला. नव्या बेल्टच्या धारा ताज्या असतात, म्हणून दोन-तीन आठवडे गप्प. बंद करतानाचा 'च्युक्' पण त्याचाच, इंजिन थांबतं तेव्हा रोटर अजून फिरायला बघतो आणि बेल्ट घसरतो.

बारा_बोल्ट

असहमत. माझ्या गाडीला मी मुद्दाम साधी पुली टाकलीय, क्लचवाली दर दोन-अडीच वर्षांनी जायची. चाळीस हजार किलोमीटर झाले, आवाज नाही.

कऱ्हाडकर_आप्पा

बोल्टराव, गाडी पेट्रोल की डिझेल?

बारा_बोल्ट

पेट्रोल.

कऱ्हाडकर_आप्पा

मग बसा.

वाशिष्ठीकाठ

अपडेट द्यायला उशीर झाला, पार्ट पुण्याहून मागवावा लागला. पार्टवाल्याने चासी नंबर टाकून बघितलं, क्लच पुलीच निघाली. पुली आणि टेन्शनर दोन्ही बदलले. मेस्त्रींकडे ती पुली काढायचा खास सॉकेट नव्हता, तो कराडहून आणला. जुनी पुली काढायच्या आधी हाताने दोन्हीकडे फिरवली, अख्खा रोटर सोबत फिरतो. नवीन एका बाजूला सुटी, दुसऱ्या बाजूला पकडते.

आज अकरा दिवस झाले. दोनदा घाट चढून आले, एकदा भर पावसात. चिवचिव नाही, बंद करतानाचा 'च्युक्' नाही, दांडा जागच्या जागी. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद ओलसर 'चुईं' येतो आणि जातो. तो दमटपणाचा, असं मेस्त्री म्हणतात. बरोबर का?

आणि हा तिसरा बेल्ट तसाच ठेवू का? चिरा एकही नाही.

सहाचा_पाना

दोन-तीन सेकंदांचा असेल तर पावसाळाभर दुर्लक्ष करा.

बेल्ट मात्र चिरांवरून ओळखू नका. पूर्वीच्या बेल्टना चिरा पडायच्या, हल्लीच्या ईपीडीएम रबराला सहसा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. धारांच्या बाजूला नख फिरवा. एका बाजूने चकचकीत, गुळगुळीत झाल्या असतील तर तो तिरका चाललेला आहे, नवीन घाला. जुना फेकू नका, डिकीत टाका. कुंभार्लीत कधी तुटलाच तर कराडपर्यंत पोचवेल.