मदत हवी आहे – खड्ड्यात आपटल्यापासून स्टेअरिंग वाकडं

मंडळी जरा सल्ला द्या. परवा रात्री मुंबई-गोवा हायवेने येताना माणगावच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, स्विफ्टचं पुढचं डावं चाक असलं दणकून आपटलं की मागे झोपलेली आई दचकून उठून बसली. टायर फुटला नाही, रिमपण वरवर बघता ठीक वाटते, पण तेव्हापासून गाडी सरळ रस्त्यावर सरळ चालवायची तर स्टेअरिंग उजवीकडे थोडं तिरकं धरावं लागतं आणि हात सोडला की गाडी डावीकडे ओढते.

काल घराजवळच्या गॅरेजवाल्याला दाखवली तर म्हणे "काही नाही हो, स्टेअरिंग काढून सरळ बसवून देतो, २०० रुपये द्या". मला ते पटेना, कारण चाकाचा अँगलच बिघडला असेल तर नुसतं स्टेअरिंग फिरवून बसवून टायर एका बाजूने झिजायचा थांबणार थोडाच, शिवाय त्यात एअरबॅग आहे, तिथे कोणीही पाना घालावा असं वाटत नाही. मीच नाही म्हणून निघालो.

तर विचारायचं होतं, डायरेक्ट कॉम्प्युटर अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे अँगल मोजून सरळ करणं) करून घेऊ की आधी गाडी वर उचलून टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा), लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा पार्ट) वाकलाय का ते बघायला सांगू? वाकलेल्या पार्टवर अलाइनमेंट केली तर पैसे पाण्यात ना? आणि शनिवारी परत अलिबागला जायचंय, तोवर अशीच चालवली तर चालेल का?