डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर : सिग्नल पूर्ण, तरी संभाषण अर्धवट का?

जुना श्रोता :
नमस्कार. बरीच वर्षे साध्या ॲनालॉग स्कॅनरवर (विविध सेवांची रेडिओ संभाषणे पकडणाऱ्या संचावर) ऐकण्याचा छंद जोपासल्यानंतर मी अलीकडे एक वापरलेला डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर घेतला आहे. आमच्या परिसरातील अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा आणि रस्ते देखभाल विभाग हे सगळे 800 मेगाहर्ट्झ पट्ट्यातील एकाच पी25 (सार्वजनिक सेवांसाठीचे डिजिटल रेडिओ मानक) प्रणालीवर बोलतात. त्या प्रणालीच्या सर्व वारंवारता मी स्कॅनरमध्ये भरल्या, पण अनुभव समाधानकारक नाही. सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसत असतानाही आवाज तुटतो आणि पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. एखाद्याने विचारलेला प्रश्न ऐकू येतो, उत्तर मात्र दुसऱ्याच विभागाच्या बोलण्यात हरवते. शिवाय काही टॉकग्रुपचे (एकत्र बोलणाऱ्या संचांच्या गटांचे) क्रमांक पडद्यावर उमटतात, पण त्यांचा आवाज येतच नाही. दोष अँटेनाचा समजावा, स्कॅनरचा, की माझ्या प्रोग्रॅमिंगचा?

लहरवेध :
आपल्या तीन तक्रारींची कारणे बहुधा तीन वेगळी आहेत, त्यामुळे एका उपायाने सगळे सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. मी फक्त हरवणाऱ्या उत्तरांबद्दल लिहितो.

ॲनालॉग स्कॅनरवर एक वारंवारता म्हणजे एक विभाग, असा हिशेब असतो. ट्रंकिंगमध्ये तो चालत नाही. तिथे अनेक वारंवारतांचा एक सामाईक साठा असतो आणि त्यांपैकी एक, म्हणजे कंट्रोल चॅनेल, 9600 बिट प्रति सेकंद या वेगाने अखंड माहिती पाठवत असते. जवानाने वॉकीटॉकीचे बटण दाबले की त्याचा संच आधी कंट्रोल चॅनेलद्वारे मागणी नोंदवतो. प्रणाली साठ्यातील एक मोकळी वारंवारता त्या टॉकग्रुपला देते, आणि त्या टॉकग्रुपचे सगळे संच क्षणार्धात तिकडे वळतात. अनेक प्रणालींमध्ये हे वाटप प्रत्येक बोलण्यापुरतेच असते, म्हणजे प्रश्न एका वारंवारतेवर आणि त्याचे उत्तर दुसऱ्या वारंवारतेवर जाऊ शकते. आपण वारंवारता साध्या चॅनेलप्रमाणे भरल्या असतील, तर स्कॅनर प्रश्नाच्या वारंवारतेवर थांबून राहतो आणि तेवढ्यात तीच वारंवारता रस्ते विभागाच्या वाट्याला येते. आपण वर्णन केले आहे ते नेमके हेच दिसते.

म्हणून प्रणालीचा प्रकार 'पी25 ट्रंक' असा निवडून साइट (एका भागाला सेवा देणारा मनोरा किंवा मनोऱ्यांचा समूह) तयार करावी, तिच्या वारंवारता त्या साइटखाली भराव्यात आणि मग हवे ते टॉकग्रुप त्यांच्या क्रमांकांनी नोंदवावेत. सुरुवातीला 'आयडी सर्च' चालू ठेवावे, म्हणजे न नोंदवलेले टॉकग्रुपही ऐकू येतात आणि कोण कुठे बोलतो ते समजते. ओळख पटली की 'आयडी स्कॅन'वर, म्हणजे फक्त नोंदवलेले टॉकग्रुप ऐकण्यावर, यावे. महत्त्वाच्या टॉकग्रुपला दोन-तीन सेकंदांचा थांबा द्यावा. आणि कृपया दूरच्या पाच-सहा साइट हौसेने भरून ठेवू नयेत. प्रत्येक साइटचे कंट्रोल चॅनेल तपासण्यात स्कॅनरचा वेळ जातो आणि तेवढ्यात जवळचे संभाषण निसटते.

छतावरचा :
सिग्नल पूर्ण असूनही आवाज तुटतो, याचा अर्थ सिग्नल जास्त होत आहे. ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारी सोय) चालू करा, काम होईल.

मोजमाप :
वरील सल्ला एका परिस्थितीत योग्य आहे : मनोरा अगदी जवळ असेल आणि स्कॅनरचा पुढचा टप्पा त्या जोरदार सिग्नलने दबून जात असेल, तर ॲटेन्युएटरने फरक पडतो. परंतु 'पाण्याखालचा आवाज' हे वर्णन मला वेगळ्या दुखण्याचे वाटते, आणि त्या दुखण्याचे नाव सिमलकास्ट.

मोठा परिसर व्यापण्यासाठी अनेक मनोऱ्यांवरून एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी, एकच संदेश प्रसारित करण्याची ही पद्धत आहे. मनोऱ्यांची घड्याळे जीपीएसने जुळवलेली असतात, पण आपल्या अँटेनापासून त्यांची अंतरे तर सारखी नसतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर जाते. दोन मनोऱ्यांच्या अंतरांत 10 किलोमीटरचा फरक असेल, तर तोच संदेश आपल्याकडे सुमारे 33 मायक्रोसेकंदांच्या फरकाने दोनदा पोहोचतो. पी25 च्या फेज 1 मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीत, सेकंदाला 4800 चिन्हे पाठवली जातात, म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला 208 मायक्रोसेकंद येतात. त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा शेजारच्या चिन्हात मिसळला, तर साध्या एफएम पद्धतीने सिग्नल उलगडणारा स्कॅनर गोंधळतो. सिग्नलच्या काड्या केवळ ताकद दाखवतात, शुद्धता दाखवत नाहीत. स्कॅनरमध्ये त्रुटींचा आकडा दाखवण्याची सोय असेल तर तो पडद्यावर आणावा. काड्या पूर्ण आणि त्रुटी चढ्या असे चित्र दिसले की संशयाला फारशी जागा उरत नाही.

ॲटेन्युएटर दोन्ही मनोऱ्यांचे सिग्नल सारख्याच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे त्यांच्यातले गुणोत्तर बदलत नाही. बदलायला हवे ते गुणोत्तर : एका मनोऱ्याचा सिग्नल इतरांपेक्षा स्पष्टपणे वरचढ झाला पाहिजे. त्यासाठी यागीसारखी दिशादर्शी अँटेना एका मनोऱ्याकडे रोखावी, किंवा अँटेना उंच नेण्याऐवजी खाली आणून मधल्या इमारतीची आड दुसऱ्या मनोऱ्याला घालावी. उंच अँटेना म्हणजे चांगले ऐकू येणे, हा ॲनालॉग काळातला समज इथे उलटा पडतो. 850 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 35 सेंटिमीटर असते, त्यामुळे स्कॅनर टेबलावर वीतभर सरकवला तरी त्रुटींचा आकडा झपकन खाली येताना दिसू शकतो. पैसे खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करावा.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सिग्नलची कला (लहरीची त्या क्षणीची अवस्था) आणि तीव्रता दोन्ही जपून तो उलगडणारा संच. युनिडेनचा 2018 मधील एसडीएस 100 हा स्कॅनर अशाच रचनेचा आहे. स्वस्तातला मार्ग म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ संच) आणि एसडीआरट्रंक किंवा ओपी25 हे सॉफ्टवेअर. मात्र एका डोंगलच्या टप्प्यात साधारण 2.4 मेगाहर्ट्झ रुंदीचाच पट्टा येतो. प्रणालीच्या वारंवारता त्याहून पसरलेल्या असतील तर सगळे संभाषण पकडण्यासाठी दुसरे डोंगल लागते. संगणक सतत चालू ठेवण्याची तयारीही हवी, आणि खिशात घालून फिरण्याची सोय जाते ती वेगळीच.

टप्पा दोन :
आवाज न येणाऱ्या टॉकग्रुपबाबत एक शक्यता तपासावी. स्कॅनर वापरलेला आहे असे आपण लिहिता. तो फेज 2 उलगडतो का? फेज 2 मध्ये 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर आळीपाळीच्या कालखंडांत दोन संभाषणे चालतात, पण त्या प्रणालींचे कंट्रोल चॅनेल मात्र फेज 1 पद्धतीचेच असते. त्यामुळे जुना स्कॅनर कंट्रोल चॅनेल बिनचूक वाचतो, टॉकग्रुपचा क्रमांक दाखवतो, आणि आवाजाच्या वेळी गप्प बसतो. फसवे म्हणजे, काही प्रणालींमध्ये फक्त फेज 1 जाणणारा एखादा संच त्या टॉकग्रुपवर नोंदलेला असला, की प्रणाली ते संभाषण फेज 1 मध्ये चालवते. मग तोच टॉकग्रुप काल ऐकू आला आणि आज नाही, असे होते आणि माणूस उगाच अँटेना बदलत बसतो.

जुना श्रोता :
सर्वांचे मनापासून आभार. वारंवारता खरोखरच साध्या चॅनेलप्रमाणे भरलेल्या होत्या. ट्रंक पद्धतीने नव्याने भरल्यावर प्रश्नामागोमाग उत्तरही ऐकू येऊ लागले. स्कॅनर खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीजवळ ठेवल्यावर काड्या दोनने कमी झाल्या आणि आवाज मात्र स्वच्छ झाला. मेनूमध्ये फेज 2 ची नोंदही सापडली, म्हणजे स्कॅनर ते उलगडतो. तरीही रुग्णवाहिकांचा एक टॉकग्रुप कधीच बोलत नाही, आणि डोंगराकडच्या अग्निशमन केंद्राचा टॉकग्रुप तर पडद्यावर उमटतही नाही. या दोन्हींत काही राहून गेले आहे का?

लहरवेध :
आपल्याकडून काहीच राहिलेले नाही. साइट एखादे संभाषण तेव्हाच प्रसारित करते, जेव्हा त्या टॉकग्रुपवर नोंदलेला निदान एक संच त्या साइटच्या कक्षेत असतो. डोंगराकडच्या केंद्राची माणसे आपल्या साइटच्या कक्षेत नसतील, तर त्यांचे बोलणे आपल्या मनोऱ्यावरून निघतच नाही. ते ऐकायचे तर तिकडच्या साइटचे कंट्रोल चॅनेल आपल्याकडे पोहोचते का, हे पाहावे लागेल.

पडद्यावर दिसूनही कधीच न बोलणारा टॉकग्रुप बहुधा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे गुप्त संकेतात बदललेला, आहे. संभाषणाच्या वेळी स्कॅनर 'ईएनसी' अशी खूण दाखवत असेल, तर प्रश्न मिटला. रुग्णांची माहिती त्यावरून जात असल्याने ते योग्यही आहे. पी25 मध्ये त्यासाठी सहसा एईएस-256 ही सांकेतिक पद्धत वापरतात. किल्लीशिवाय ते उलगडत नाही, तसा प्रयत्न बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो, आणि उघडे संभाषण ऐकण्याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत, ते एकदा वाचून ठेवावेत. तो टॉकग्रुप लॉकआउट करून (यादीतून वगळून) टाकावा, म्हणजे स्कॅनर त्याच्यावर थांबून बाकीची संभाषणे चुकवणार नाही.