मदत हवी आहे: लॅटिन 'ओरातिओ'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतर लॅटिन शिकायला घेतलंय. (घरचे हसतात, हसोत बापडे.) शाळेत संस्कृत झालेलं, त्यामुळे विभक्त्यांनी घाबरवलं नाही. अडलेय एकाच शब्दावर, 'ओरातिओ'. स्त्रीलिंगी, षष्ठी 'ओरातिओनिस'. कोशात पहिला अर्थ भाषण. रोमन वक्ता सिसेरो, त्याची न्यायालयातली, सिनेटमधली भाषणं ती ओरातिओ, इथवर ठीक.

मग व्याकरणात 'पार्तेस ओरातिओनिस' आलं. म्हणजे आपल्या शब्दांच्या जाती! रोमन व्याकरणकार दोनातुसकडेही आठच; विशेषण नामात धरलेलं आणि आठात एक जागा धातुसाधिताला. सीझरच्या गॉलयुद्धावरच्या पुस्तकात 'ओरातिओ ओब्लिक्वा' म्हणजे अप्रत्यक्ष कथन, तेही लांबच लांब. आणि चर्चच्या लॅटिनमध्ये ओरातिओ म्हणजे चक्क प्रार्थना. मडगावच्या मैत्रिणीकडे घरातल्या क्रूसाच्या देव्हाऱ्याला ओरातोरिओ म्हणतात, ते पोर्तुगीजमार्गे इथूनच आलेलं.

खरी पंचाईत पुढे आहे. सिसेरो 'दे ओफ्फिकिइस' (कर्तव्यांविषयी) या ग्रंथात ओरातिओचे दोन प्रकार सांगतो: कोन्तेन्तिओ, म्हणजे न्यायालयात, सभेत, सिनेटमध्ये जोर लावून बोलणं, आणि सेर्मो, म्हणजे मित्रमंडळीत, जेवणाच्या पंगतीत चालतं ते. आता 'भाषणाचा एक प्रकार म्हणजे गप्पा' असं लिहू का? 'वाणी' फार सोवळं वाटतं. 'बोलणं' लिहिलं तर सिनेट हातचं जातं. कुणी सुचवाल का?

प्रतिसाद:

ताई, तुमची अडचण खुद्द सिसेरोलाही ठाऊक होती. इ. स. पू. 46 मधल्या 'ओरातोर' (वक्ता) या ग्रंथात तो म्हणतो, की तसं पाहिलं तर सगळंच बोलणं ओरातिओ, पण हे नाव खास लागतं ते वक्त्याच्या बोलण्याला. तत्त्वज्ञांचं बोलणं मऊ, सावलीतलं, म्हणून त्याला तो सेर्मो म्हणतो. म्हणजे एकाच शब्दाचा एक अर्थ रुंद, एक अरुंद. दोन वर्षांनी 'दे ओफ्फिकिइस' लिहिताना त्याने रुंद अर्थ घेतला, एवढंच.

आपल्या 'भाषण'चंही हेच आहे की. 'भाषण ठोकू नकोस' म्हणतो तेव्हा अरुंद अर्थ. 'भाषणस्वातंत्र्य' म्हणतो तेव्हा चहाच्या टपरीवरचं बोलणंही त्यात येतं. तेव्हा भाषण सोडू नका. फक्त सेर्मोला 'गप्पा' नको, 'संभाषण' घ्या. सेर्मो हा शब्द 'सेरेरे'वरून, ओवणे, जोडणे. एकाला एक जोडत गेलेलं बोलणं. शिवाय भाषण-संभाषण कानालाही बरं.

प्रार्थनेचं कोडं 'ओरारे' या धातूत आहे. त्याचा अर्थ बाजू मांडणं, विनवणं. न्यायाधीशापुढे विनवलं की ओरातिओ, देवापुढे विनवलं तरी ओरातिओ. ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनचा इ. स. 200 च्या सुमाराचा 'दे ओरातिओने' हा ग्रंथ प्रार्थनेवरच आहे.

जाता जाता: 'पार्तेस ओरातिओनिस' वक्तृत्वशास्त्रातही येतं, आणि तिथे अर्थ खरोखरच भाषणाचे भाग, म्हणजे प्रस्तावना, निवेदन, समारोप असा होतो. संदर्भ बघून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती:

संभाषण! समोर असून सुचलं नाही. सिसेरोचं वाक्य मराठीत असं केलंय: 'भाषणाचं सामर्थ्य मोठं आणि ते दुहेरी, एक वादाचं, दुसरं संभाषणाचं.' कोन्तेन्तिओला 'वाद' जरा भांडकुदळ वाटतोय का? की 'आवेश' घेऊ?