मसल वाढवायला रोज किती प्रोटीन? जिममध्ये सांगतात तेवढं नक्कीच नाही

रानवारा

माझा भाचा पुण्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. वजन ७० किलो. जिमच्या ट्रेनरने त्याला रोज १५० ग्रॅम प्रोटीनचं टार्गेट दिलंय आणि वर तीन हजारांची व्हे पावडर (दुधातून काढलेलं प्रोटीन) गळ्यात मारलीय. ती महिनाभरही पुरत नाही. घरून येणारे पैसे ठरलेले, म्हणून त्याने खानावळीचं रात्रीचं जेवण बंद केलं आणि त्या पैशातून पावडर घेतोय. सकाळी १६०० मीटर धावतो, संध्याकाळी वजनं उचलतो आणि रात्री पाण्यात पावडर ढवळून पिऊन झोपतो. मला याचा मनापासून संताप येतो, म्हणून हा धागा.

आधी आकडे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. जेवणात मुख्यतः पोळी-भातच असेल तर १ ग्रॅम धरायचं. हा हिशेब व्यायाम न करणाऱ्यांचा. वजनं उचलणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अठराशेवर माणसं होती. दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंच्या वाढीत फरक पडत नाही, असं त्यातून निघालं. याच दोन संस्थांच्या मे २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही हाच १.६ चा आकडा आहे. म्हणजे ७० किलोच्या पोराला जास्तीत जास्त ११२ ग्रॅम. १५० कुठून आले?

आता त्याचं ताट. सकाळी पोहे, सहा ग्रॅम. दोन चहा, तीन ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, बारा ग्रॅम. भात चार, बटाट्याची भाजी दोन. आणि खानावळीची आमटी, जिच्यात तळाशी वाटीभर पाण्याला जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ असते, म्हणजे साडेतीन ग्रॅम. रात्री पुन्हा तेच. दिवसाची बेरीज पन्नास-त्रेपन्न. रात्रीचं जेवण काढलं की तिशीवर आली. पावडरीच्या एका स्कूपमध्ये चोवीस-पंचवीस ग्रॅम असतात, ते जेमतेम बंद केलेल्या जेवणाची भरपाई करतात. शिवाय त्या जेवणातले उष्मांक गेले ते गेलेच.

त्यापेक्षा दोन्ही जेवणं चालू ठेवून पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या (२६), तीन अंडी (१९) आणि अर्धा लिटर दूध (१६-१७) घेतलं तर बेरीज ११५ च्या आसपास जाते. खर्च रोज साधारण साठ रुपये.

लोखंडप्रेमी

मी ट्रेनर आहे, कोथरूडला. तुमचा राग समजतो. रात्रीचं जेवण बंद करायला कुणी शहाणा ट्रेनर सांगणार नाही. पण १.६ चा आकडा तुम्ही अर्धाच सांगितलात.

त्याच आढाव्यात १.६ हा मधला अंदाज आहे. त्याची वरची मर्यादा २.२ पर्यंत जाते, खालची १ च्या जवळ. म्हणजे काही जणांना २ च्या आसपास खाऊनही फायदा होत असू शकतो. खेळाडूंच्या पोषणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये १.४ ते २ असा पट्टा दिलाय. १५० म्हणजे २.१. थोडं जास्त आहे, पण आकाशातून पडलेलं नाही.

दुसरं, तुमच्या त्रेपन्न ग्रॅममधले तिसाच्या वर पोळी, भात आणि पोह्यांचे आहेत. गव्हात लायसिन, म्हणजे प्रोटीनचा एक आवश्यक घटक, कमी. ते प्रोटीन अंड्या-दुधाइतकं कामी येत नाही. कागदावर ११५ दिसतात, अंगी लागतात त्याहून कमी.

आणि तिसरं, जे कुठल्याच शोधनिबंधात मिळणार नाही. मी पोराला ११० सांगितले तर तो ७० वर थांबतो. १५० सांगितले तर १०० वर येतो. वाटीभर डाळीला तो वीस ग्रॅम धरतो. शंभर ग्रॅम पनीर म्हणून जे आणतो ते साठ भरतं. रोज माणसं समोर असतात, म्हणून आकडा चढा सांगावा लागतो.

रानवारा

लोखंडप्रेमी, चढा आकडा सांगण्याचा भुर्दंड कोण भरतो? ज्याच्या घरी महिन्याला ठरलेले पैसे येतात तो. तुमच्या जिममध्ये आयटीतली मुलं येत असतील, त्यांना परवडतं. माझ्या भाच्याने तुमच्यासारख्यांचा शब्द प्रमाण मानला आणि ताट सोडलं.

आणि फायदा किती, तेही सांगा की. त्याच आढाव्यात जादा प्रोटीन घेतलेल्यांचं चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सरासरी ०.३ किलोने जास्त वाढलं. तीनशे ग्रॅम! बाकी सगळं काम व्यायामाने केलं. नीट झोप, दोन वेळ पोटभर जेवण, दर आठवड्याला थोडं वाढवत नेलेलं वजन, एवढं सांगा त्यांना.

लायसिनचं बरोबर आहे. पण आपण पोळी नुसती खात नाही. डाळीत लायसिन भरपूर असतं, गव्हातली उणीव ती भरून काढते. आमटी घट्ट करा, प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

लालमाती

कोल्हापूर. दोघंही काटा घेऊन बसलाय, म्हणून लिहितो.

शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझ पदक आणलं. यातल्या कुणी ग्रॅम मोजले? पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, मातीत लढायचं, मग खुराक. बदामाची थंडाई, दूध, तूप, मटण. गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही म्हशीचं धारोष्ण दूध समोर पिळून देतात. वस्ताद पोराचं अंग बघून खुराक वाढवायचा किंवा कमी करायचा. पावडरीच्या आधीही पैलवानांच्या माना जाड होत्या.

निशिगंधा

लालमाती दादा, मी आहारतज्ज्ञ आहे. त्या खुराकाचे ग्रॅम मोजून बघू या.

म्हशीच्या दुधात शंभर मिलिलिटरला साधारण ३.७ ग्रॅम प्रोटीन. पैलवान दिवसाला दोन लिटर प्यायला की सत्तरच्या वर तिथेच झाले. शंभर ग्रॅम बदामात अठरा-वीस. त्यात पाव किलो मटण, भाकरी, डाळ. म्हणजे दीडशेच्या घरात तो सहज जातो. वस्ताद मोजत नव्हते, पण खुराक भरपूर प्रोटीनचाच होता. आणि दूध-तुपातून उष्मांक इतके मिळायचे की त्यातलं प्रोटीन शरीराला इंधन म्हणून जाळावं लागत नसे. रात्रीचं जेवण सोडून पावडर पिणाऱ्याचं नेमकं हेच नुकसान होतं. पोट रिकामं असलं की महागातलं व्हेही चुलीतच जातं.

माझा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीचा. मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे मूत्रपिंडाच्या रुग्णांचे आहार लिहिते. निरोगी मूत्रपिंडाला १.६ किंवा २ ग्रॅमने इजा होते असा पुरावा नाही. ही भीती उगाच पसरलीय. पण आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब कित्येकांना असतो आणि माहीतच नसतो. ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांना आम्ही प्रोटीन ०.६ ते ०.८ वर आणतो. चाळिशीतले गृहस्थ कुणाच्या तरी सांगण्यावरून २ ग्रॅम सुरू करतात, त्यांनी आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. दोनच तपासण्या आहेत.

आणि पावडरीबद्दल. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या साधारण सत्तर टक्के पावडरींवर लिहिलेलं प्रोटीन आणि प्रत्यक्षातलं प्रोटीन जुळलं नाही. काही ठिकाणी निम्मंच निघालं.

साठीपार

तुम्ही सगळे पोरांचंच बोलताय, म्हणून मध्ये पडते. माझं वय ६३, वजन ५८. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम सुरू करायला सांगितले. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि तेवढ्याच प्रोटीनला म्हातारं शरीर तरुणापेक्षा कमी दाद देतं. म्हणून २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढच्यांना १ ते १.२ ग्रॅम सुचवलंय. मी तोच धरला. माझ्यासाठी अठ्ठावन्न ते सत्तर.

आमच्या पिढीतल्या बायकांच्या ताटात ते येत नाही हो. दुपारी आमटी-भात, रात्री मऊ खिचडी, आठवड्याला दोन उपवास आणि त्यात साबुदाणा. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाही, जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. पोरांना १.६ की २ हा वाद परवडतो. आमच्या ताटात ०.८ सुद्धा भरत नाही आणि त्यावर कुणी बोलत नाही. मी आता उपवासाला ताक आणि मूठभर दाणे घेते, रोज एक मुगाचं धिरडं खाते. सुनेला सांगून आमटीत डाळ दुप्पट केली.

खानावळवासी

रानवारा काका, तुमचा भाचा म्हणजे मीच असं समजा. मीही भरतीचाच. तुमचा साठ रुपयांचा हिशेब बरोबर आहे, पण तो स्वयंपाकघर असलेल्या माणसाचा आहे.

आमच्या खोलीत पाच जण. घरमालकांच्या घरात अंडं चालत नाही, उकडायचं तर लांबच. फ्रिज नाही, उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत नासतं. गॅस ठेवायला बंदी. इलेक्ट्रिक किटलीत सोयाच्या वड्या भिजवून मीठ-तिखट टाकून खाल्ल्या, रोज पन्नास ग्रॅम जात नाहीत, पोट फुगतं आणि सकाळी धावताना त्रास होतो. व्हेला फक्त पाणी लागतं. म्हणून आम्ही पावडर घेतो. ट्रेनरने फसवलं म्हणून नाही.

रानवारा

हे महत्त्वाचं लिहिलंस. खोलीचा विचार माझ्या हिशेबात नव्हताच, धरायला हवा. मग असं बघ. फुटाणे शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम देतात, ना गॅस लागतो ना फ्रिज. शेंगदाणे पन्नास ग्रॅम, बारा. उकडलेली अंडी गाडीवर मिळतात, खोलीत आणायची गरज नाही. दूध डेअरीवर उभ्यानेच पिऊन ये. आणि खानावळवाल्या मावशींना पाच जणांनी मिळून सांगा, आमटी घट्ट हवी, महिन्याला थोडे जास्त देतो. एवढं करून कमी पडलं तर एक स्कूप घे, माझी हरकत नाही. जेवण मात्र दोन्ही वेळचं.

लोखंडप्रेमी

याला माझाही पाठिंबा. जेवण आधी, पावडर नंतर, हे मी उद्यापासून नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगेन.

पण सगळ्यांसाठी ११२ वर मी येणार नाही. जो वजन उतरवतोय, कमी खातोय आणि स्नायू टिकवायला बघतोय, त्याला मी २ च सांगणार. तिथे कमी पडलं की चरबीबरोबर मसलही जातो. खानावळवासी, तू भरतीला धावतोस, गोळा फेकतोस, वजन उतरवायचं नाहीये. तुला १.६ पुरे. फुटाणे एकदम खाऊ नकोस, तीन वेळा वाटून घे, पोटाला सोपं जाईल.