मदत हवी आहे: चुलीमागच्या जुन्या टाइल्स न फोडता कशा काढाव्यात?

मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर उतरवतोय. चुलीमागे सहा इंची, उठावाच्या नक्षीच्या ३६ टाइल्स आहेत. एकीमागे ‘मेड इन जपान’ निघालं. नव्या देवघराला लावायच्यात, किमान ३० अखंड हव्यात. वरच्या चुन्यात बसवलेल्या, पण खालच्या दोन ओळी नंतर कुणा शहाण्यानं सिमेंटात बसवल्यात.

छिन्नीनं दोन फुटल्या. मग रात्रभर ओलं पोतं लावून मागून हॅक्सॉ ब्लेड चालवलं, तर चुन्यातल्या चार अलगद सुटल्या. सिमेंटात ब्लेड शिरतच नाही. भिंत मातीत बांधलेली, शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे ब्रेकर नको. गवंडी म्हणतो, “नव्या घ्या की ओ!”

सिमेंटातल्या टाइल्ससाठी कडेचा गिलावा ग्राइंडरनं कापून मागून शिरावं, की विटेच्या कपचीसकट काढून सिमेंट नंतर घासावं?