मदत हवी आहे: सोमवारपर्यंत संशोधनाच्या गाईडसाठी तीन नावं द्यायची आहेत

रानफूल: काल विभागात नव्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनाची ओळख करून दिली. अकरा जण, प्रत्येकी दहा मिनिटं. दुपारपर्यंत कोण कशावर काम करतं तेच डोक्यात राहिलं नाही. सोमवारी फॉर्म द्यायचाय. कसं निवडू? लवकर सांगा, प्लीज.

चिक्कोडीचा मास्तर: एमएस्सी की पीएचडी? विषय कुठला? काहीच लिहिलं नाहीस बाळ.

निपाणीकर: कोल्हापूरला यायचं होतं की. शिवाजी विद्यापीठात सरांना मराठीत विचारता येतं. निपाणीहून रोज जाणारी पोरं हाईत.

रानफूल: काका, ॲडमिशन झाली, आता कोल्हापूरचं काय करू? एमएस्सी प्राणीशास्त्र, पहिलं वर्ष. डिझर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रकल्प, शेवटच्या सेमिस्टरला, पण गाईड आत्ताच ठरवतात.

टिळकवाडी: स्लाइड विसर. प्रत्येकाचं नाव गूगल स्कॉलरवर टाक आणि मागच्या तीन वर्षांचे पेपर बघ. आमच्या विषयात शेवटचं नाव बहुतेक गाईडचं असतं, पहिलं ज्यानं काम केलं त्याचं. पहिल्या जागी विद्यार्थी दिसले तर तिथं पोरांच्या हाती काम येतं. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या साइटवर त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध सापडतील. मग लॅबमधल्या सीनियर ताईला चहाला ने आणि विचार: सर आठवड्यातून किती वेळा बसतात, डीएनएच्या कामाचं पीसीआर मशीन चालू आहे का, केमिकलला पैसे कुठल्या प्रोजेक्टचे?

जेआरएफ२२: पेपर बघून काय होतंय? नेट परीक्षेचा अभ्यास धर. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की महिन्याला 37,000, मग गाईडच तुला बोलावतील.

टिळकवाडी: तिला सोमवारी फॉर्म द्यायचाय हो. नेट त्यानंतर.

जेआरएफ२२: मी माझ्या अनुभवाचं सांगितलं.

शहापूरची वहिनी: कन्नडला घाबरू नको गं. माझी मुलगी चार महिन्यांत बोलायला लागली. मेसचं जेवण मात्र तिखट असतं, डबा लाव.

रानफूल: कन्नड येतं मला, वहिनी. खरं सांगू का, मला वटवाघळांवर काम करायचंय. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात जांबोटीजवळ, बारापेडेच्या गुहांचं लहानपणापासून ऐकत आलेय. काल एका मॅडमनी वटवाघळांची एकच स्लाइड दाखवली.

रानवाट: हे आधी लिहायचं! रॉटनचं वटवाघूळ या जातीची पहिली शास्त्रीय नोंद 1913 मध्ये याच गुहांतल्या नमुन्यांवरून झाली. पुष्कळ वर्षं जगात ते इथंच माहीत होतं, पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. पण गुहा भीमगड अभयारण्यात येतात. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती एका सेमिस्टरमध्ये हाती पडेल या भरवशावर राहू नकोस. पावसाळ्यात तिकडं जाणंही अवघड. मॅडमकडं चालू परवानगी आहे का, एवढं आधी विचार. नसेल तर अभयारण्याबाहेरच्या देवळांतली, पडक्या वाड्यांतली वटवाघळं घे, वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या डिटेक्टरवर नोंदी घे. तेही चांगलं काम आहे.

निपाणीकर: वटवाघळांनी आमचे पेरू संपवले यंदा. त्यावर काही उपाय?

रानवाट: काका, वेगळा धागा काढा.

रानफूल: मॅडमना मेल केला, उद्या दहाला बोलावलंय. दुसरं नाव बेडकांवर काम करणाऱ्या सरांचं लिहिते, त्यांच्या तिन्ही पेपरांत पहिलं नाव विद्यार्थ्यांचंच आहे.

चिक्कोडीचा मास्तर: आणि तिसरं?